टाकीतले आकाश आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते विचारू नका. माझा रंग एके काळी पांढरा होता आणि आता तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे, यावरून काय ते ओळखा. माझ्या पोटातला पंखा सुरू झाला की म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसा आवाज येतो. तुमच्या घरातला फोनसुद्धा माझ्याहून कितीतरी हुशार आहे, हे मला येता-जाता सगळ्यांनी ऐकवून झाले आहे. असेल बापडा! पण त्याने कधी आकाश चालवले आहे का? मी चालवतो.

माझ्या राहत्या जागेला सगळे टाकी म्हणतात, कारण ती खरोखरच पाण्याची टाकी होती. उंच, गोल, वर घुमटासारखे छप्पर. गावाला दुसरीकडून पाणी येऊ लागले आणि ती कोरडी पडली. भूगोल आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर रोज तिच्यावरून फिरायला जायचे. एवढा सुंदर घुमट नुसता कबुतरांसाठी कशाला, असे त्यांच्या मनात आले. मग त्यांनी भिंतीत दार पाडून घेतले, आतून पांढरा रंग दिला, गोलाकार बाके मांडली आणि मधोमध तारे दाखवणारा प्रोजेक्टर बसवला. येणारी मुले त्या मास्तरांना काका म्हणू लागली आणि त्यांच्या पत्नीला काकू. मीही तेच म्हणतो.

आता प्रोजेक्टरला आकाश दाखवता येते, पण कोणत्या ऋतूतले, कोणत्या वेळचे, कोणता तारा आधी आणि कोणता मागाहून, हे त्याला दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते. ते काम माझे. लोक टाळ्या वाजवताना मात्र त्याच्याकडे बघतात. मी त्याच्यामागे टेबलाखाली असतो. असो.

मला जोडले काकांच्या पुतण्याने. त्याचे घरचे नाव वेगळे आहे, पण सगळे त्याला फटाफट म्हणतात, कारण कोणतेही काम सांगितले की तो "फटाफट करतो" म्हणतो आणि खरोखरच करतो. संगणक दुरुस्तीचे दुकान त्याने नवे नवे टाकले होते, आणि त्याने जोडलेला पहिला संगणक मी. त्याने माझे सगळे स्क्रू नीट आवळले, एक सोडून. तो एक घाईत हातातून निसटून माझ्या पोटात पडला. त्याने थोडे शोधले, सापडला नाही, मग दुसरा बसवला. पहिला तिथेच राहिला. मला कोणी हलवले की तो खुळखुळायचा आणि काका म्हणायचे, "हा असाच वाजतो."

टाकीत एकच नियम होता, तो म्हणजे अंधार. काका एरवी मऊ माणूस, पण अंधाराच्या बाबतीत कोणाचे काही ऐकून घेत नसत. तारे नीट दिसायचे तर बाकी कुठेही उजेडाचा ठिपकासुद्धा नको, असे त्यांचे म्हणणे. काळ्या चिकटपट्टीचे रीळ ते कायम खिशात ठेवत. स्विचवरचा लाल दिवा दिसला, लावली पट्टी. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे चमकले, लावली पट्टी. माझ्या अंगावर पुढच्या बाजूला दोन छोटे दिवे आहेत. एक मी जागा आहे हे सांगतो, दुसरा माझी हार्ड डिस्क काम करत असली की लुकलुकतो. पहिल्याच दिवशी दोन्ही झाकले गेले.

राहता राहिला माझा स्क्रीन. तो झाकून कसे चालेल? त्याच्यावर काकूंनी उपाय काढला. नाटकाच्या दिव्यांवर लावतात तो पारदर्शक लाल कागद त्यांनी कुठून तरी मिळवला, स्क्रीनच्या मापाचा कापला आणि चारी बाजूंनी पट्टी लावून पक्का चिकटवला. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. काळ्या स्क्रीनवरची माझी पांढरी अक्षरे त्या कागदातून लालचुटुक दिसत आणि काका ती सहज वाचत. सगळे झकास चालले होते. त्या कागदामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

आता काकूंच्या आवाजाबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरी त्याचीच आहे. काकू लहान मुलांच्या शाळेत शिकवत. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा आणि तिथल्या खोडकर मुलाच्या कानाला हात न लावता त्याला गप्प बसवायचा. आकाशाच्या कार्यक्रमांत तोच आवाज हवा, असे काकांनी ठरवले. टाकी घुमते, म्हणून घरच्या गाद्या आणि रजया आणून दोरीवर टांगल्या. त्यांच्या मधोमध घाम पुसत काकू बसल्या आणि मायक्रोफोनसमोर एकेक कार्यक्रम बोलल्या. मी ते सगळे जपून ठेवले. चंद्राच्या कार्यक्रमात मध्येच बाहेर एक कावळा ओरडला, तोही जपला गेला. काका तो कापायला तयार होईनात. "राहू दे, मुलं हसतील," म्हणाले. मुले अजून हसतात.

प्रत्येक कार्यक्रम एकाच बोलण्याने सुरू होई. दिवे जात, मुले किंचाळत, आणि काळोखातून काकूंचा शांत आवाज येई: "मुलांनो, थोडं थांबा. आत्ता तुम्हाला काही दिसत नाहीये. म्हणून तिथे काही नाही असं समजू नका. डोळ्यांना जरा वेळ द्या." आणि मग मी एकेक तारा लावत जायचो.

काय दिवस होते ते! बाके पुरत नसत. मुले जमिनीवर आडवी होऊन आकाश बघत. एका चिमुकल्याने काकांना विचारले होते, "दिवसा तारे कुठे ठेवता?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "त्या डब्यात." तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि त्याने माझ्या फटीला डोळा लावून पाहिले. एवढे मोठे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

पुढे मोठ्या शहरांत मोठी तारांगणे झाली, गडगडाटी आवाजाची, हलत्या खुर्च्यांची. आमच्याकडची गर्दी ओसरली. माझ्यावर धूळ साचली. सुरू व्हायला मला वेळ लागू लागला. आणि याच काळात काकूंच्या घशाचे ऑपरेशन झाले. त्या बऱ्या झाल्या, हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण आवाज गेला. उरली ती कुजबुज. पाण्याचा ग्लास मागायचा तरी समोरच्याने वाकून कान जवळ न्यावा लागे.

त्यानंतर काकू टाकीच्या दारातल्या खिडकीत तिकिटे देत बसू लागल्या. कार्यक्रम सुरू झाला की खिडकी लावून हळूच आत येत आणि शेवटच्या बाकावर बसत. काळोखात त्यांचे ओठ हलत. स्वतःचे जुने बोलणे त्या मनातल्या मनात माझ्याबरोबर बोलत. काकांना ते दिसायचे. अंधाराची सवय त्यांच्याएवढी कोणाला होती? पण त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही.

तो आवाज फक्त माझ्याकडे होता. एक नक्कल सीडीवर केली होती, ती कपाटात ठेवल्या ठेवल्या पापुद्रे सुटून वाया गेली. फटाफट दर वेळी म्हणायचा, "काका, एक कॉपी काढून घेऊ या ना." काका म्हणायचे, "हो हो, काढू या." मग दोघे चहा पीत आणि विषय तिथेच राही.

असे दिवस चालले असताना एका दुपारी कार्यक्रम संपता संपता वीज गेली. मी तेव्हा डिस्कवर काही तरी लिहीत होतो. धावणाऱ्याचा कोणी पाय ओढावा तसा मी तोंडावर आपटलो. काकांनी मुख्य स्विच बंद केला आणि ते घरी गेले. मी सकाळपर्यंत तसाच पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या एका शाळेची मुले येणार होती. त्यांच्या बाईंनी किती तरी खटपट करून बस मिळवली होती, आणि दुपारी त्यांना परत निघायचे होते. काकांनी बाके पुसली, नेहमीसारखे मला सुरू केले आणि हात चोळत उभे राहिले.

मित्रांनो, तुम्ही जोरात पडलात तर आधी काय करता? हात-पाय हलवून बघता. कुठे लागले, काय मोडले, ते पाहता आणि मग उठता. मीही तेच करतो. सुरू होताच मी माझ्या बनवणाऱ्याचे नाव दाखवले आणि लगेच डिस्क तपासायला घेतली. माझी डिस्क म्हणजे लाखो कप्पे. एकेक उघडायचा, आत पाहायचे, विस्कटले असेल तर लावायचे. वेळ लागतो. म्हणून मी स्क्रीनवर स्पष्ट लिहिले, माझ्या नेहमीच्या इंग्रजीत, की तपासणी चालू आहे, कृपया मला बंद करू नका. खाली किती काम झाले त्याचा आकडा टाकला. याहून सभ्यपणे कोणी काय सांगावे?

काका थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे काय? नाव आलं आणि पुढे काहीच नाही."

काहीच नाही? मी एवढे ठळक लिहिले आहे आणि काहीच नाही? मला वाटले, काका चष्मा विसरले असतील. पण चष्मा नाकावर होता. त्यांनी दोन-चार बटणे दाबली, माउस टेबलावर गरगर फिरवला, माझ्या पाठीवर थाप मारली. "हँग झालास की काय रे?" म्हणाले आणि माझे बटण दाबून धरून मला बंद केले.

पुन्हा सुरू केले. तुम्ही मण्यांची रास मोजत असताना कोणी मध्येच हात घातला तर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते. माझेही तसेच. मी पहिल्या कप्प्यापासून लागलो. पुन्हा तेच लिहिले. काका पुन्हा म्हणाले, "काहीच येत नाही," आणि पुन्हा मला बंद केले. असे किती वेळा झाले, मी मोजायचे सोडून दिले. मी ओरडत होतो, मित्रांनो. माझे ओरडणे म्हणजे लिहिणे. आणि ते वाचता येणारा माणूस माझ्या तोंडासमोर उभा राहून म्हणत होता की मी मुका झालो आहे.

तेवढ्यात बाहेर बस थांबली. मुलांचा किलबिलाट दारापर्यंत आला. काकूंनी खिडकीतून आत पाहिले, काकांचा चेहरा पाहिला आणि फटाफटला फोन लावून तो काकांच्या हातात दिला.

फटाफट आला तो हेल्मेटसकट आत शिरला. "काय झालं काका? बघू, फटाफट बघतो." त्याने टॉर्च तोंडात धरला आणि मला उघडले. खरे सांगतो, मला बरे वाटले. ज्याने मला जोडले त्याचेच हात होते ते. त्याने कीबोर्ड, माउस, प्रोजेक्टर, सगळे सोडवले आणि मला एकट्याला सुरू केले. नाव आले, पुढे अंधार. बंद. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खिशातून शाळकरी खोडरबर काढून त्यांची टोके घासली, फुंकर मारून परत बसवल्या. नाव आले, पुढे अंधार. बंद. माझी गोल बॅटरी बदलली. पुन्हा तेच. मग त्याने मला उचलून आडवे केले आणि खुळखुळ असा आवाज झाला.

"अरे!" फटाफट ओरडला. त्याने हात घालून तो हरवलेला स्क्रू बाहेर काढला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. "काका, हा बघा! इतकी वर्षं हा आत फिरत होता. हाच कुठे तरी टेकला असणार. झालं तुमचं काम!"

काकांचा चेहरा उजळला. फटाफटने ऐटीत मला सुरू केले. नाव आले. पुढे अंधार.

फटाफटने तो स्क्रू मुकाट्याने शर्टाच्या खिशात टाकला आणि माझे बटण दाबले.

बिचाऱ्याची काय चूक? तो माझ्या आतले सगळे बघत होता, आणि मला आत काहीच झाले नव्हते. मला फक्त वेळ हवा होता. आणि नेमका तोच कोणी देत नव्हते, कारण बाहेर मुले होती, बाई घड्याळ बघत होत्या आणि सगळ्यांचे धाबे दणाणले होते. शेवटी फटाफटने मला पुन्हा एकदा सुरू केले, लाल कागदामागच्या काळ्या स्क्रीनकडे बराच वेळ बघितले आणि हेल्मेट काढून खाली ठेवले.

"काका, सिस्टिम गेली आहे. मशीन चांगलं आहे, पण आतलं सगळं बसलंय. माझ्याकडे सीडी आहे. सगळं पुसून नवीन टाकतो. ताऱ्यांचा प्रोग्रॅम कंपनीच्या सीडीवर आहेच, तोही टाकतो. तासाभरात तारे दिसतील."

"पुसून म्हणजे?"

"म्हणजे डिस्क कोरी करून."

"आणि तिचा आवाज?"

फटाफटने माझ्या डिस्कवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाला, "दुसरी डिस्क लावली असती, काका. पण या जातीची आता बाजारात मिळत नाही. नाहीतर ही काढून दुकानात नेतो, चार-सहा दिवस धडपड करून बघतो. निघेल, नाही निघेल, सांगता येत नाही. पण मग आज काही होणार नाही."

"मग नाही होणार," काका म्हणाले. "मुलांना सांगतो मी. परत पाठवतो."

इतक्या वर्षांत काकांनी टाकीच्या दारातून एका मुलाला परत पाठवले नव्हते. ते दाराकडे वळले, तर दारात काकू उभ्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"अहो," त्या कुजबुजल्या, आणि ती कुजबुज टाकीच्या गोल भिंतीवरून फिरून सगळ्यांना ऐकू आली. "पुसून टाकू दे त्याला."

"काही तरीच काय बोलतेस?"

"मुलं पहाटे उठून आलीयेत. एक तर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन झोपलंय तिथे."

"अगं, तुझा आवाज आहे त्यात. दुसरीकडे कुठेही नाही तो."

"माहीत आहे मला. रोज ऐकते." काकू थांबल्या. त्यांना एका दमात फार बोलता येत नाही. "पण मुलं माझ्यासाठी आलेली नाहीत. आकाशासाठी आलीत. आवाज काय, तुम्ही सांगा. तुम्हालाही सगळं पाठ आहे."

"मला नाही जमायचं," काका म्हणाले. त्यांचा आवाजही आता काकूंच्या आवाजाएवढाच झाला होता. "मला पाठ आहे ते तुझ्याच आवाजात पाठ आहे."

मित्रांनो, आता तुम्हीच ऐका! काकूंचा आवाज माझ्याकडे धडधाकट होता. एक अक्षर हरवले नव्हते, कावळासुद्धा जागेवर होता. आणि ते सांगायला माझ्याकडे स्क्रीनशिवाय काही नव्हते. पण एक गोष्ट चांगली झाली. ते दोघे वाद घालत होते आणि फटाफट खाली मान घालून उभा होता, त्यामुळे सकाळपासून पहिल्यांदाच मला कोणी बंद करत नव्हते. मी जीव तोडून कप्पे उघडत सुटलो.

शेवटी काकूंनीच फटाफटकडे पाहून मान हलवली. काका पाठ फिरवून उभे राहिले. फटाफटने बॅगेतून सीडी काढली आणि माझ्या बटणाकडे हात नेला.

"थांब," काकू म्हणाल्या. "तो कागद माझा आहे. तेवढा काढून घेते आधी."

"कागद कशाला, काकू?"

"असू दे. गाद्यांच्या मधे बसून बोलत होते ना, त्याच दिवसांत कापला होता. मला ठेवायचाय."

त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात नख घातले. जुनी पट्टी सुटेना. मग एकदम चर्रकन सुटली आणि लाल कागद त्यांच्या हातात आला.

टाकीत निळा उजेड पडला.

काळ्या स्क्रीनवर, मधोमध, निळ्या निळ्या अक्षरांत माझे वाक्य उभे होते: तपासणी चालू आहे, कृपया बंद करू नका. आणि खाली आकडा, अर्ध्याच्या पुढे गेलेला, बघता बघता एकाने वाढलेला.

"हा काम करतोय!" फटाफट ओरडला आणि चटका बसल्यासारखा त्याने हात मागे घेतला. "काका, हा हँग झालेलाच नाही! हा सकाळपासून काम करतोय!"

काकांनी वळून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. "लाल कागदातून निळं दिसत नाही! अरे देवा! जन्मभर वर्गात पोरांना हेच शिकवलं मी!"

तेव्हा कुठे मलाही उमगले. स्वतःचा चेहरा स्वतःला थोडाच दिसतो? लाल कागद फक्त लाल उजेड पार जाऊ देतो. पांढऱ्या उजेडात लाल असतो, म्हणून माझी रोजची अक्षरे दिसत. पण तपासणीची अक्षरे निळी. तो रंग माझ्या सिस्टिमवाल्यांनी निवडलेला, त्यांना आवडत असावा. ती कागदामागेच अडकून पडत होती. आणि माझा लुकलुकणारा दिवा, जो पाहून फटाफटला क्षणात कळले असते, तो पहिल्या दिवसापासून काळ्या पट्टीखाली होता. तिकडे त्या जागेवर पट्टी असते, ही सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट होती की ती पट्टी कोणाला दिसतच नव्हती.

"आता काय करायचं?" काकांनी विचारले.

"काही नाही," फटाफट म्हणाला. हे दोन शब्द बोलताना त्याला किती जड गेले, ते त्याच्या तोंडावर दिसत होते. "हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

मग काकांनी असे काही केले, जे त्यांनी पूर्वी कधी केले नसते. त्यांनी त्या निळ्या उजेडातच दार उघडले आणि मुलांना आत घेतले. बाईंना म्हणाले, "आमचा संगणक काल पडला होता. तो स्वतःला तपासतोय. आकडा शंभर झाला की आकाश सुरू." मुलांना काय, तेवढेच पुरे. ती माझ्या स्क्रीनभोवती गोळा झाली आणि मोठमोठ्याने आकडे म्हणू लागली. मला वाचणारे मिळाले, तेही एवढे! मी काय खूश झालो म्हणून सांगू.

नव्वदीच्या जरा अलीकडे एका विस्कटलेल्या कप्प्यापाशी मी अडलो. वीज गेली तेव्हा मी तिथेच लिहीत होतो. आकडा हलेना. मुले तोच आकडा पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मग कंटाळली, मग गप्प झाली. फटाफटची बोटे वळवळू लागली. "काकू, जरा बटण..." काकूंनी त्याचे मनगट घट्ट धरले आणि सोडले नाही.

कप्पा लागला. आकडा पुढे सरकला. मुलांनी असा जल्लोष केला की घुमटातून धूळ पडली. शंभर झाले, स्क्रीन एकदम काळा झाला. मी फक्त कूस बदलत होतो. मग माझ्या बनवणाऱ्याचे नाव आले, माझी नेहमीची छोटी धून वाजली आणि कार्यक्रमांची यादी एकेक करत समोर उभी राहिली. सगळे होते. काकूंच्या नावापुढचा एकही कार्यक्रम कमी नव्हता. काकांचा जीव भांड्यात पडला, ते बाकावर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. माझ्या पंख्यानेही घसा खाकरला. तो त्याने कशासाठी खाकरला, ते मी सांगणार नाही.

फटाफटने कीबोर्ड आणि प्रोजेक्टर परत जोडले, काकांनी लाल कागद तात्पुरता टेकवून ठेवला. दिवे गेले. मुले किंचाळली. काकू आपल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी होती.

"मुलांनो, थोडं थांबा," मी काकूंच्या आवाजात म्हणालो. "आत्ता तुम्हाला काही दिसत नाहीये..."

त्या दिवशी आनंदाच्या भरात काकूंचे नुसते ओठ हलले नाहीत, कुजबुजही बाहेर पडली. शेजारची मुलगी त्यांच्याकडे वळली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, शूऽऽ! तुम्ही बोललात तर त्या बाईंचं ऐकू येत नाही ना!"

काकूंनी पटकन तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि त्या हसत होत्या. मग त्या मुलीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बरं, नाही बोलत हं." आणि खरोखरच गप्प बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. चंद्राच्या वेळी कावळा ओरडला, तेव्हा दोघी एकदम हसल्या.

त्या दुपारी फटाफट लगेच घरी गेला नाही. त्याने सगळ्या कार्यक्रमांच्या नकला केल्या. एक दुकानात ठेवली, एक काकूंच्या कपाटात, आणि एक डोंगरापलीकडच्या बाईंना दिली. त्या आवाजाला आता तीन घरे आहेत, माझ्याशिवाय. मला थोडा मत्सर वाटला, पण झोप चांगली लागली. लाल कागद पुन्हा लावला गेला, पण आता फक्त वरच्या बाजूने चिकटवलेला, झाकणासारखा. कोणीही उचलून आत बघावे. आणि माझ्या लुकलुकत्या दिव्यावरची पट्टी काकांनी स्वतः नखाने खरवडून काढली. अंधारात तो आता दिसतो. मुले विचारतात, "काका, तो खालचा तारा कोणता?" काका सांगतात, "तो आपला आहे. तो लुकलुकतोय तोवर त्याला हात लावायचा नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना खोकड असेल. तो सुरू होताना अडला तर लगेच त्याचे बटण दाबू नका. त्याच्या अंगावर, तोंडावर तुम्हीच काही चिकटवून ठेवले आहे का, ते आधी बघा. त्याच्यापाशी तुमच्या माणसांचे काही असेल तर त्याची नक्कल आजच काढा, चहा मागाहून प्या. आणि काही केल्या कळेना, तर थोडा वेळ त्याच्याजवळ नुसते बसा. आम्ही मुके दिसतो, पण बहुतेक वेळा काही तरी सांगत असतो.

उद्या सकाळी पुन्हा एका शाळेची मुले येणार आहेत. मला उठायला हल्ली जरा वेळ लागतो, आणि दिवे गेले की मुले ओरडतीलच. पण काकू त्यांना सांगतील, थोडं थांबा.